पितृपक्षात मसाई मारा

आफ्रिका म्हटलं की लोकांना सिंह आठवतो. आमच्या घरात सगळ्यात आधी सोयाबीन आठवलं. धाकटा भाऊ बदनापूर तालुक्यात, दुधनेच्या अंगाला शेती करतो. मी जालन्यात शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. भावजयीचा पासपोर्ट नुकताच हातात आलेला, आणि तिनं तो अजून देव्हाऱ्यातच ठेवला आहे. तिघांनी मिळून केनियाला जायचं, जाणता वाटाड्या सोबत घेऊन थोडेच दिवस पण नीट रान पाहायचं, एवढं ठरायला एक संध्याकाळ पुरली. कधी जायचं हे ठरता ठरता उन्हाळा सरला.

भिंतीवरच्या कालनिर्णयापेक्षा शेताचं पंचांग कडक असतं. मृग लागला की पेरणीची घाई. ती उरकते न उरकते तोवर कोळपणी, खुरपणी, फवारण्या. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, तिच्या पाठीला पाठ लावून कापसाची वेचणी, हरभऱ्याची आणि शाळूची पेरणी. डिसेंबरात मोसंबीच्या बागेला ताण द्यायचा, जानेवारीत ताण तोडून पाणी सोडायचं. अशा वेळी जो बाग टाकून परदेशी जाईल त्याला गाव वेड्यात काढील, आणि बरोबरच आहे ते. एप्रिल-मे तेवढे मोकळे. पण पूर्व आफ्रिकेतला मोठा पाऊस मार्च ते मे याच महिन्यांत कोसळतो, आणि आमच्या काळ्या मातीत ट्रॅक्टर फसलेला ज्यानं पाहिलाय त्याला चिखलात रुतलेली गाडी पाहायला समुद्र ओलांडायची गरज नाही.

तिकडंही एक पंचांग आहे, फक्त ते कुणी छापत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुटूच्या आखूड गवतावर, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान वाइल्डबीस्टच्या माद्या वितात. बहुतेक वासरं मोजक्या आठवड्यांत जन्माला येतात, त्यामुळं तरसांनी आणि सिंहांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी कळप उरतोच. मग पाऊस सरकतो तसं गवत सरकतं आणि गवतामागं लाखो जनावरं सरकतात, सोबत झेब्रे. जुलैच्या सुमाराला ती सीमा ओलांडून केनियातल्या मसाई मारात शिरतात, ऑक्टोबरपर्यंत तिथं चरतात, मारा नदी इकडून तिकडं नि तिकडून इकडं पार करतात, मगरींना त्यांचा वाटा देतात आणि नोव्हेंबरच्या धाकट्या पावसामागं पुन्हा दक्षिणेची वाट धरतात. पावसाचा माग काढत मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आमच्याकडच्या धनगरांना हे वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही.

दोन्ही पंचांगं शेजारी मांडली तेव्हा सप्टेंबर तेवढा हाती लागला. त्यातही पोळा, गणपती, महालक्ष्म्या पार पडल्या की सोंगणीच्या आधी एक फट सापडते, आणि ती नेमकी पितृपक्षात पडते.

"अहो ताई, पितृपक्षात कुणी फिरायला जातं का?" भावजय म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या पंधरवड्यात आमच्याकडं कुणी घराची चौकट बसवत नाही, सोयरीक बोलत नाही, नवी गाडीसुद्धा शोरूममधून बाहेर काढत नाही. मी म्हटलं, "पितरांनाच भेटायला चाललोय की." थट्टेत म्हणून गेले, पण नंतर त्या वाक्यानंच माझा पिच्छा धरला.

कारण ते अक्षरशः खरं होतं. १९८४ साली केनियाच्या उत्तरेला, तुर्काना सरोवराच्या पश्चिम काठाला, नारिओकोतोमे नावाच्या कोरड्या नदीपात्राजवळ कामोया किमेऊ यांना कवटीचा एक लहानसा तुकडा सापडला. तिथं खणत गेले तसा एका मुलाचा जवळपास संपूर्ण सांगाडा वर आला. दहा वर्षांच्या आगेमागे वय असेल त्याचं. काळ सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. आपल्यासारख्या लांब पायांवर ताठ चालणारा, पण मेंदू आपल्याहून बराच लहान. नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो आहे, आणि सफारीला जाणारे बहुतेक लोक विमानतळावरून थेट मारा गाठतात, त्याच्या दारावरून जातात पण आत डोकावत नाहीत. टांझानियात लाएतोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं याहून कितीतरी जुनी, ३६ लाख वर्षांपूर्वीची. दोघं-तिघं ओल्या राखेवरून चालत गेले, आणि त्यांची वाट राहिली.

सर्वपित्रीला आपण ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सगळ्यांना पान वाढतो. पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या पोराची तिथी कोण सांगणार? भावजयीला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग असं करू, सर्वपित्रीच्या आत परत यायचं. पान आपल्या घरीच वाढू." हा निर्णय तिचा. नैरोबीतला एक अख्खा दिवस संग्रहालयासाठी राखायचा, हा माझा.

तसं पाहिलं तर आफ्रिकाच आमच्याकडं आधी येऊन गेली आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारातून बाजारात विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६१६ साली मुघलांशी त्याची मोठी लढाई झाली ती आमच्याच तालुक्यातल्या रोशनगावपाशी. अंबर तिथं हरला, पण मोडला नाही. १६२४ मध्ये भातवडीला त्यानं मुघल आणि आदिलशाही फौजांची एकत्र दाणादाण उडवली. १६२६ मध्ये तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. ज्या शिवारात एका हबशी सेनापतीचे घोडे दौडले तिथं आज तूर आणि कापूस उभा असतो. रस्त्यावरून जाताना कुणी मान वळवून पाहत नाही.

आणि ज्वारी! जालन्याला बियाण्यांचं गाव म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको सुरू केली, १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याची मादी ओळ अमेरिकेतून आणलेली, आणि अमेरिकेत ती ज्या काफिर ज्वारीपासून निघाली ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. मागं मागं जावं तर ज्वारी हे पीकच ईशान्य आफ्रिकेतलं, बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची. चिंचेचं झाडसुद्धा आफ्रिकेतलं. म्हणजे ताटातली भाकरी आफ्रिकेची, आमटीतला चिंचेचा कोळ आफ्रिकेचा, आणि आम्ही म्हणतो, कुठं एवढ्या लांब जायचं! मृगाच्या आधी गावात येऊन ओरडणारा चातकही पूर्व आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतो. त्याला परवाना लागत नाही. आम्हाला तो ऑनलाइन काढावा लागतो, माणशी ३० डॉलर.

गंमत अशी की आफ्रिकेतले सिंह ज्या पहिल्या हिंदी माणसांनी मोठ्या संख्येनं जवळून पाहिले त्यांनी तिकीट काढलं नव्हतं. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडं जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली गेली, तिच्यासाठी सुमारे ३२,००० मजूर इकडून नेले, बहुतेक पंजाबातले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलावर दोन आयाळ नसलेल्या सिंहांनी काही महिने त्यांना तंबूंतून ओढून नेलं. पॅटरसन नावाच्या इंजिनिअरनं शेवटी ते मारले, पुस्तक लिहिलं, नाव कमावलं. मेलेल्या मजुरांपैकी फार थोड्यांची नावं राहिली. सफारीच्या गोष्टी कायम बंदूकवाल्याच्या नाहीतर कॅमेरेवाल्याच्या तोंडून ऐकू येतात, हे तिथं जाण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

एका सहल कंपनीचं माहितीपत्रक आमच्या हाती आलं. मारा, नकुरू, नैवाशा, अंबोसेली, सगळं एका दमात. वर "जंगलात गरमागरम पुरणपोळी" असं ठळक छापलेलं. पुरणपोळीला माझी हरकत नाही. पण नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर एका उद्यानातून दुसऱ्यात जायला बहुतेक वेळा पाच-सहा तास, आणि रानातले बरे तास फक्त पहाटेचे आणि दिवस कलतानाचे. जनावरं जागी असतात तेव्हा आपण महामार्गावर, आणि आपण रानात पोचतो तेव्हा ती सावलीला. चार ठिकाणं पाहिली असं सांगता येतं, एवढाच लाभ. मी पेन्सिल घेऊन खोडायला लागले. नकुरू गेलं. नैवाशा गेलं. अंबोसेलीपाशी मात्र हात अडला. ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या पायथ्याशी हत्तींचे कळप, आणि तेही असे की सिंथिया मॉस १९७२ पासून त्यांची पिढ्यान्पिढ्यांची कुळी लिहीत आल्या आहेत: कोण कुणाची मुलगी, कोण कुणाची मावशी. माझ्यासारख्या नातेगोते आवडणाऱ्या बाईला याहून दुसरं काय हवं? तरी खोडलं. दोन दिवस मनाला लागून राहिलं, मग सुटलं.

उरला मारा. का, तर मला तिथं जंगल पाहायचंच नाही. मला माळ पाहायचाय.

आपल्या डोक्यात रान म्हणजे झाडी, डोंगर, दरी, ताडोबाचा बांबू. गवताची उघडी जमीन दिसली की आपण तिला पडीक म्हणून मोकळे होतो. आमचं गायरान तसंच. मुरमाड, उन्हाळ्यात पिवळंफटक, मध्ये दोन बोरी आणि बाभळी. दुर्बीण आणल्यावर तिची परीक्षा म्हणून पहाटे भाऊ नि मी तिथं गेलो. ८ बाय ४२ ची, गळ्यात अडकवली की मान अवघडते. बांधाच्या आडोशाला बसून भिंग फिरवत होते. आधी पुढ्यातली कुसळी स्पष्ट झाली, दव लागलेली, मग तिच्यामागचा पांढरा ठिपका, मग त्या ठिपक्याचं कडं झालं आणि कड्यात डोळा आला. काळवीट! एवढी वर्षं बांधावरून पाहिलेला, पण डोळ्याभोवतीचं ते पांढरं वर्तुळ, नाकपुडीची ओली थरथर, पीळ घातलेल्या शिंगांवरची एकेक वळी कधी दिसली नव्हती. नर एका ठरलेल्या जागी जाऊन उभा राहिला. तिथं लेंड्यांचा ढीग होता, वाळलेल्यांवर ताज्या. भाऊ पुटपुटला, "ही याची चावडी. रोज येतो इथं." टिटवी आमच्या डोक्यावर येऊन कल्ला करू लागली तशी एक मादी जागच्या जागी चारी पाय उचलून उंच उडाली, आणि कळप गेला. मी भिंगातून डोळा काढेपर्यंत नुसती धूळ.

ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळतं हे जनावर. कुणाला भिऊन? आमच्याकडं आता लांडगे राहिलेत, तेही मोजके, गावकुत्री आहेत. एवढा वेग लांडग्यासाठी लागत नाही. तो चित्त्यासाठी होता. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीला चित्ते पाळत, आणि इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवत. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या राजानं एकाच रात्री तीन नर मारले, ते देशातले शेवटचे समजले जातात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते कुनोला आणले, त्याची पुढची कहाणी वर्तमानपत्रांत चालूच आहे. पण काळवीट अजून त्या जुन्या शत्रूच्या हिशेबानंच पळतो. माळावरचं एक पात्र निघून गेलंय आणि दुसरं आपले संवाद म्हणतंय.

माऱ्यात ते नाटक अजून पुरं आहे. काळविटाच्या जागी थॉमसन गझेल, पण चित्ता चित्त्याच्याच जागी. आणि माळढोकाचा सख्खा भाऊबंद, कोरी बस्टर्ड, गवतातून सावकाश पावलं टाकत जाणारा. आपल्याकडं सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं; आता तिथं पक्षी दिसला तर बातमी होते. सिंह मी पाहीनच, वाटाड्या दाखवल्याशिवाय राहणार नाही. पण माझ्या वहीत पहिलं नाव कोरी बस्टर्डचं लिहिलंय, आणि दुसरं गवताचं. सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जालना जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट, आणि १,५१० चौरस किलोमीटरचा मारा त्यालाच लागून. आमच्या आठही तालुक्यांत एकही बांध नाही, एकही कुंपण नाही, असं डोळ्यांपुढं आणून पाहा. मला जमत नाही. म्हणून जायचं.

भावाचा आक्षेप मात्र या सगळ्याच्या मुळाशी होता. "काय करू राहिली ताई तू? पैसे देऊन जनावरं पाहायला चालली. आपल्या हरभऱ्यात ये की जानेवारीत. फुकट दाखवतो." त्याचे रोही. घोड्याएवढे उंच, निळसर करडे नर, आठ-दहा एका वेळी. एका रात्रीत कोवळ्या हरभऱ्याचे घाटे ओरबाडून, उरलेलं तुडवून जातात. थंडीत जागल करायची, माळ्यावर बसून डबे वाजवायचे, बांधाला जुन्या साड्या बांधायच्या. गावातल्या सगळ्या बायकांच्या पंधरा वर्षांतल्या साड्या आमच्या शिवाराच्या कडेला ओळीनं वाचता येतात. भावजयीची लग्नातली हिरवी तेवढी पेटीत शिल्लक आहे. अलीकडं झटका मशीन आलं. तरी रोही शिकतात. ज्याचा हरभरा गेलाय त्याच्यापुढं वन्यजीवांचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही, आणि रेटू नये.

म्हणून मारा परिसरात हे कसं चालतं ते मी खोदून वाचलं. राखीव रानाच्या भोवती मसाई लोकांच्या गुरचराईच्या जमिनी आहेत. सिंह त्यांच्या गाई मारतात, हत्ती कुंपणं मोडतात. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलानं अकरा-बारा वर्षांचा असताना टॉर्चचे दिवे, जुनी बॅटरी आणि गाडीच्या इंडिकेटरचं यंत्र जोडून गोठ्याभोवती लुकलुकते दिवे लावले. सिंहांना वाटतं कुणीतरी कंदील घेऊन फिरतंय. २०१३ मध्ये त्यानं ते जगापुढं सांगितलं. भावाला ही गोष्ट सिंहापेक्षा जास्त आवडली. "सर्किट कसं केलं त्यानं?" हा त्याचा आफ्रिकेबद्दलचा पहिला खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट पैशाची. माऱ्याच्या उत्तर-पूर्वेला नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशी संवर्धन क्षेत्रं आहेत. जमिनी मसाई कुटुंबांच्या नावावर. कॅम्पवाले त्यांना त्या जमिनीचं भाडं देतात. बदल्यात तिथं कुंपण घालायचं नाही, गुरं ठरवून दिलेल्या भागात, ठरल्या वेळी चारायची. गाड्यांची संख्या मर्यादित, एका जनावराभोवती जत्रा जमू देत नाहीत. रात्री फिरता येतं, वाटाड्यासोबत पायी चालता येतं, जे राखीव रानात चालत नाही. सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. भाड्यावर घर चालणाऱ्यांना प्रवासी थांबले की काय होतं ते २०२० च्या टाळेबंदीत कळलं. पण जनावर जगवायचा खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नाला तिथं निदान उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. भाऊ ऐकून म्हणाला, "एकरी किती देतात?" आणि मग, "रोही पाहायला कुणी तिकीट काढील का आपल्याकडं?" मी काही बोलले नाही. पण तिथंच ठरलं: तीन रात्री, त्याही अशाच एका क्षेत्रात, आणि एक दिवस राखीव रानात नदीकडं. त्या एका दिवसाची नोंद घ्या: परदेशी प्रौढ माणसाला माऱ्यात शिरायला २०२४ पासून जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, माणशी, रोजचे. आम्ही महागाच्या सहामाहीत चाललोय, याला इलाज नाही. सोयाबीनला विचारून पाहिलं.

वाटाड्याची चौकशी मी पुरणपोळीपेक्षा जास्त केली. केनियात सफारी वाटाड्यांची परीक्षा होते. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत. रौप्यवाला मिळतोय. त्याला आधीच कळवून ठेवलंय की आम्हाला सिंहामागं धावायचं नाही, एका जागी गाडी बंद करून बसायचंय, आणि आमच्यातला एक जण दर अर्ध्या तासाला मातीचा प्रकार विचारील.

आता उरलेली तयारी. जालन्याहून सकाळच्या वंदे भारतनं मुंबई. तिला लागतो जवळपास तेवढाच वेळ पुढं विमानाला नैरोबीपर्यंत लागतो, हे भावजयीला अजून पटलेलं नाही. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंच, माराही उंचावर, त्यामुळं विषुववृत्त जवळ असलं तरी पहाटे उघड्या गाडीत स्वेटर लागतो. भावानं हौसेनं आणलेला लष्करी छापाचा शर्ट घरीच राहणार, कारण केनियात साध्या माणसानं तसले कपडे घालणं बेकायदा आहे. केनियानं २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्यात, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी नि चिवडा स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत. माऱ्याला छोट्या विमानानं जायचं तर सामान १५ किलो, तेही मऊ पिशवीत. भावजयीनं डबे वजनकाट्यावर ठेवून पाहिले आणि भावाची एक पँट कमी केली.

पीतज्वराची लस वेगळी सांगते, कारण ती लोक शेवटाला ढकलतात. सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, आमच्यासाठी मुंबई. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी; नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस अलग ठेवतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मिळतं ते एक पिवळं चोपडं, शिक्का, सही, लशीचा बॅच क्रमांक. भावजयीनं ते पासपोर्टच्या शेजारी ठेवलं, देव्हाऱ्यात.

एक राहिलं. सध्या गावोगावी गायरानावर झाडं लावायचे ठराव होतात. झाडं लावावीत, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेत, घरामागं. पण काळविटाला, टिटवीला, लांडग्याला उघडा माळ लागतो, आणि तो एकदा झाडांखाली गेला की ते निघून जातात. ग्रामसभेत असा ठराव आला तर हात वर करण्याआधी एखाद्या पहाटे त्या गायरानावर जाऊन तिथं कोण चरतं ते पाहून या. त्याला ना डॉलर लागतात, ना लस.